रणगाड्यात कोण कुठे बसायचं

माझी वहिनी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप घेतात, ते माप डब्यात घालून तिच्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि चार-पाच दिवसांनी तिथून दात तयार होऊन जातात. ज्यांचे दात ती बनवते त्यांचं तोंड तिनं कधीच बघितलेलं नसतं. तरी नुसता प्लास्टरचा साचा हातात घेऊन ती सांगते, हा माणूस एकाच बाजूनं चावतो, ही बाई झोपेत दात खाते. आधी मला ती थापा मारते असं वाटायचं. पुढे कळलं की ती थापा मारूच शकत नाही. तिला तेवढा वेळच नसतो, सगळा वेळ कशाच्या तरी आत डोकावण्यात जातो.

लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. बिघडलं नव्हतं, चांगलं चालू होतं. दादा म्हणाला, "अगं, कशाला?" तर म्हणे, "चालतंय म्हणूनच. बंद पडल्यावर काय दिसणार?"

तिच्या प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यासमोर, चौकात एका चौथऱ्यावर जुना रणगाडा ठेवलाय. पोरं त्याच्या तोफेला लोंबकळतात, कबुतरं वर बसतात. त्याची सगळी झाकणं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली आहेत. अकरा वर्षं वहिनी रोज सकाळी त्या बंद झाकणांकडे बघत बसची वाट पाहत होती. तिच्यासारख्या बाईला हा छळच म्हणायचा. त्यातून घरात सासरे असे, की जे तरुणपणी लढाईत रणगाड्यावर होते आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

एक दिवस तिनं विचारलंच.

"बाबा, आत काय असतं हो त्याच्या?"

"काय असणार? लोखंड."

"बसायला वगैरे?"

"असतं की."

"चौघं मावायचात कसे? पाय कुठे ठेवायचात?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पाय?" असं म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "पन्नास वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं." आणि पुन्हा वर्तमानपत्र वर.

आम्हा भावंडांना बाबांच्या लढाईबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे ते गोळे भरायचे. तोफ चालवणारा वेगळा, गोळे उचलून देणारा वेगळा. बाबा देणारे. दुसरी म्हणजे त्यांचे पुढचे तीन दात नव्हते. लढाईत रणगाडा खड्ड्यात आदळला आणि तोंड तोफेच्या मागच्या जाड लोखंडावर, तोफेच्या बुडावर आपटलं. तिथे तीन दातांची पट्टी ते लावायचे, आणि दर काही वर्षांनी नवी पट्टी वहिनीच करून द्यायची.

त्या संभाषणानंतरच्या शनिवारी वहिनी एक खोका घेऊन घरी आली. चौकातल्याच, म्हणजे बाबांच्याही जातीच्या रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं. दोन रविवार खपून तिनं ते जोडलं. सगळं जागच्या जागी बसलं. मग तिनं वरचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं आणि ती भडकलीच.

"पोकळ! आत काहीच नाही! बाहेरून एवढा थाट आणि आत ठणठणगोपाळ!"

"खेळणं आहे ते," दादा म्हणाला.

"मग झाकण उघडतं कशाला ठेवलं?"

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलाचं एक टोक रणगाड्याच्या ताब्यात गेलं.

कुठून कुठून तिनं नकाशे मिळवले. एका जुन्या दुरुस्तीपुस्तकाची पानं इंटरनेटवर सापडली, ती छापून भिंतीवर चिकटवली. हत्यारं तिची नेहमीचीच, दातांची. मेण कोरायची सुरी, घासायची बारीक चाकं, डोळ्याला लावायचं भिंग. पेनच्या संपलेल्या रिफिली तीन-तीन सेंटिमीटरला कापून तिनं तोफगोळे केले, तांब्याच्या तारेच्या वायरी केल्या. आसनं, पेट्या, कप्पे हे सगळं प्रयोगशाळेतल्या उरलेल्या पावडरीतून घडवलं. ती पावडर कवळीच्या हिरड्यांची असल्यामुळे रंग देईपर्यंत आमचा रणगाडा आतून पंधरा दिवस गुलाबी होता. शेजारच्या काकू चहाला आल्या तर म्हणाल्या, "अय्या, किती गोड!"

मी दोन थांबे पलीकडे राहते. रविवारी दुपारी माझी चक्कर असतेच. अशाच एका रविवारी मी चप्पल काढत होते तेवढ्यात तिनं हाक मारली.

"इकडे ये आधी. बाबांचे कुठले दात नाहीत?"

"पुढचे."

"कुठल्या बाजूचे?"

मी डोळे मिटून बाबांचा चेहरा आठवला आणि माझ्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"तू समोरून बघतेस. त्यांचे ते उजवे," वहिनी म्हणाली. "आता हे बघ."

तिनं मेणाची चार माणसं केली होती, प्रत्येक पाच सेंटिमीटरपेक्षा जरा कमीच. वरचा फिरता बुरूज उलटा धरून तिनं मला दाखवलं. तोफ मधोमध. तिच्या डावीकडे तोफ चालवणारा बसतो, त्याच्या मागे त्यांचा प्रमुख. उजवीकडे गोळे भरणारा. चालक खाली, पुढे. गोळे भरणाऱ्याच्या जागी तिनं बाबांचं माणूस उभं केलं.

"तोफ त्यांच्या कुठल्या हाताला आली?"

"डाव्या."

"मग उजवे दात कसे गेले?"

पलंगावर पडलेल्या दादानं तिथूनच आवाज दिला, "तुझा डाव्या-उजव्याचा घोळ झाला असेल!"

"वीस वर्षं मी लोकांचे उजवे दात उजवीकडेच बसवत आलेय," वहिनी म्हणाली. तेवढ्यावर तो विषय संपला.

पण ती घाईनं निष्कर्ष काढणाऱ्यातली नाही. तिनं मेणाच्या माणसाला पाठमोरं केलं. गोळा घ्यायला वळले असतील तर? तोफ उजवीकडे येत होती खरी. मग तिनं भिंग लावून उंची मापली. गोळे भरणारा उभा असतो आणि तोफेचं बूड त्याच्या छातीशी येतं. तोंड आपटायला त्यानं चांगलंच वाकायला हवं. तेच माणूस उचलून तिनं डावीकडच्या आसनावर बसवलं. तोफ उजव्या हाताला आली आणि ते जाड लोखंड बरोबर तोंडाच्या पातळीला.

ती तोफ चालवणाऱ्याची जागा होती.

"म्हणजे बाबा आमच्याशी खोटं बोलले?" मी विचारलं.

"बोलले का? नीट आठव. कधी बोलले?"

मी आठवत बसले. मी नऊ वर्षांची असताना बाबांना विचारलं होतं, "तुम्ही लढाईत कुणाला मारलंत का हो?" उत्तर आलं होतं स्वयंपाकघरातून. आई म्हणाली होती, "ते गोळे भरायचे फक्त. तोफ दुसरं कुणीतरी चालवायचं." आणि बाबा माझ्या वहीला कव्हर घालत होते, ते घालत राहिले होते. नंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा बोलली ती आईच. आणि आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

दादा उठून बसला होता. "जुनी मढी उकरून काय मिळणार आहे?" तो म्हणाला. "राहू दे ना."

वहिनीनं राहू दिलं. म्हणजे विचारलं नाही, पण काम तिथेच अडलं. मेणाची चारही माणसं तिनं कवळ्यांच्या डब्यात भरून ठेवली. तीन आठवडे रणगाडा टेबलावर तसाच, छप्पर काढलेला. हत्यारं आवरल्यामुळे दादाला जेवायला ऐसपैस जागा मिळाली, तर तोच बेचैन दिसायला लागला.

शेवटी बाबांनीच एका सकाळी चहा पिताना विचारलं, "काय गं, काम थांबलं का?"

"हो."

"का?"

वहिनीला आडून बोलता येत नाही. ती म्हणाली, "एक माणूस कुठे बसवायचा ते कळत नाहीये."

बाबांनी कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून ते टेबलाशी आले. आतापर्यंत ते येता-जाता लांबूनच बघायचे. त्या दिवशी जवळजवळ पंधरा मिनिटं ते नुसते वाकून आत बघत होते. मध्येच एका पेटीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. वहिनीनं डबा उघडून चिमटा त्यांच्या हातात दिला. दोनदा माणूस निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचलला आणि तोफेच्या डावीकडे ठेवला.

"हा इथे," ते म्हणाले. आणि चिमटा परत देत, "तुला कशावरून कळलं?"

"दातांवरून."

बाबा हसायला लागले. हसता हसता तोंडावर हात ठेवला, मग तो हात तसाच राहिला आणि खांदे हलत राहिले. ते हसणं आहे की दुसरं काही ते कळेना, असं वहिनीनं मला नंतर सांगितलं. तिनं पाठीवर हात ठेवला नाही की पाणी आणायला धावली नाही. शेजारी बसून राहिली.

त्या रविवारी मी गेले तेव्हा बाबांनी मला स्वतःहून बोलावलं. मी आईबद्दल विचारलं.

"तिला लग्नाआधीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही दोघं विचारायला लागलात तेव्हा ते उत्तर तिनं ठरवलं. मीही काही बोललो नाही. सोयीचं होतं ते."

"आणि ती गेल्यावर?"

"गेलेल्या माणसाचं बोलणं खोटं कुठे पाडायचं?"

मग त्यांनी सांगितलं. एकदम नाही, पुढचे कितीतरी रविवार, रणगाड्यात बोट घालून एकेक वस्तू दाखवत. तोफेच्या दुर्बिणीतून जग गोल दिसायचं, बशीएवढं. त्या गोलात समोरचा रणगाडा यायचा. त्यांनी तीन उडवले. पहिल्यातून दोघं बाहेर उड्या मारताना दिसले. बाकीच्या दोन्हींतून कुणीच आलं नाही.

"बाहेरून कळत नाही ना काही," बाबा म्हणाले. "नुसतं लोखंड उभं दिसतं. मी पुष्कळदा विचार करायचो, त्यांच्यात आत कसं असेल? आमच्यासारखंच की वेगळं? तोफेच्या कुठल्या अंगाला बसत असतील?"

वहिनी म्हणाली, "शोधून काढू शकतो आपण."

मला वाटलं बाबा नको म्हणतील. ते म्हणाले, "काढ."

पण त्याआधी हा रणगाडा पुरा करायचा होता, आणि आता त्याला देखरेख करणारा मिळाला होता. आतला रंग इतका पांढरा नसतो, बाबांनी बजावलं. हात लागून लागून कडा काळ्या पडतात. गोळे भरणाऱ्याची मान सरळ करायची नाही, तो ताडमाड उंच होता. त्याला सगळे लंबू म्हणायचे आणि त्या पोकळीत तो कायम मान वाकवून असायचा. वहिनीनं मेण गरम करून मान वाकवली. बाबा म्हणाले, "अजून." तिनं अजून वाकवली. "हां, हा लंबू."

"ते आता कुठे असतात?" वहिनीनं विचारलं.

बाबांना माहीत नव्हतं. पत्रं थांबून तीस वर्षं झाली होती. एवढं ऐकल्यावर वहिनी थांबते होय! माजी सैनिकांच्या कचेऱ्यांना फोन, कुणाच्या पुतण्याला फोन, असं करत दीड महिन्यात तिनं लंबूकाकांना गाठलं. चार तासांच्या अंतरावर, लेकीकडे राहत होते.

आम्ही चौघं गाडीनं गेलो. दादा चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्याला वहिनी ओरडत होती, कारण रणगाडा तिच्या मांडीवर होता. दार उघडलं ते लंबूकाकांच्या लेकीनं. तिच्या मागे काका उभे. आता मान खरोखरच वाकलेली. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचे दंड धरले, आणि काका म्हणाले, "टक्कल पडलं की रे तुला."

रणगाडा टेबलावर ठेवला, छप्पर काढलं. काकांनी भिंग मागून घेतलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले,

"पंखा कुठाय?"

"कसला पंखा?" बाबा म्हणाले. "पंखा नव्हताच."

"होता! तुझ्या डोक्यामागे होता. तुला कसा दिसणार? तू त्या भोकाला डोळा लावून बसलेला."

"अरे, मग वारा लागला असता की नाही मला?"

"वारा माझ्याकडे यायचा!"

"म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीही वारा तूच खात होतास!"

दोन तास हे चाललं. जेवणं थंड झाली. वहिनी वही काढून दोघांचंही लिहून घेत होती. पंखा, दिव्याचं बटण, पाण्याची पिशवी अडकवायचा आकडा. एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत होत नव्हतं, आणि ती मात्र लॉटरी लागल्यासारखी खूश.

निघालो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. अर्ध्या वाटेवर बाबांचा फोन वाजला. लंबूकाका होते, आवाज इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"ऐक रे, तुझं बरोबर होतं. पंखा नव्हता. तो नंतरच्या गाडीत होता, मला आत्ता आठवलं."

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"छे रे," ते म्हणाले. "मला आता वाटायला लागलंय की होता."