जित्या माणसाचे डोळे

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला... फोन वाजला की मी आधी वाईटच बातमी धरून चालतो, ही माझी जुनीच खोड. घरचे हसतात. त्या सकाळी मात्र कुणी हसलं नाही. सुशीलावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, भिलाईतल्या हुडको कॉलनीच्या घरात झोपेतच गेली. पिकलं पान होतं, दुःख करू नका, असं भेटायला येणारे सांगतात. सांगोत बापडे. मला अजून घास गोड लागत नाही.

भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा आम्ही विदर्भातून इथं आलो. दादा बांधकामाच्या ऑफिसात कारकून, मी खलासी, म्हणजे जड सामान दोरखंडानं वर चढवणाऱ्यांपैकी. आई आमच्यासोबतच राहायची. तापानं, हगवणीनं माणसं पटापट जायची आणि घरी त्यांचा एक धड फोटो नसायचा. गेटपासवरचा नखाएवढा चेहरा घेऊन बायका वहिनीकडे यायच्या, यावरून मोठं चित्र काढून द्या म्हणायच्या. शाळेत तिची चित्रकला बरी होती, एवढीच तिची पुंजी. त्या फोटोत नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतो याचा पत्ता नसायचा. मग बाईसाहेबांनी शिकायचं मनावर घेतलं. कणकेचं नाक करायची, पाटावर ठेवायची आणि कंदील इकडून तिकडे फिरवून सावली कशी पडते ते बघत बसायची. पोळ्या राहिल्या बाजूला! बाजारात भाजी सोडून लोकांचे कान न्याहाळायची. दुर्गच्या एका फोटोवाल्याकडून जुना डबा-कॅमेरा आणला. एक फोटो समोरून, एक बाजूनं आणि एक खिडकीच्या उजेडात, एवढं असलं तर माणूस हाती लागतो, असं ती म्हणायची. फोटोत रंग नसतो, म्हणून माणसाच्या कातडीचा रंग स्वतःच्या मनगटावर कालवून जुळवायची. पण हे सगळं जिवंत माणसावर करावं लागतं, आणि तिच्या हातून तोवर फक्त गेलेल्यांचीच चित्रं झालेली. तिचा कॅमेरा दिसला की शेजारपाजारचे दारं लावून घ्यायचे.

उरलो मी. सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासमोर स्टुलावर बसू लागलो, आणि आईचं धाबं दणाणलं.

"जित्या माणसाचं चित्र कावून काढून राहिली वो? डोये काढले का माणूस जाते."

"आई, आपण बुद्धाची दीक्षा घेतली न," वहिनी म्हणाली. "आता हे मानायचं नाही."

"मानत नाही मी. पण भेव लागते मले."

शेवटी तोड निघाली ती अशी. माझा फोटो काढायचा नाही, चित्र समोर बसवूनच काढायचं, आणि डोळे रंगवायचे नाहीत. कित्येक आठवडे माझं आंधळं चित्र भिंतीला टेकून होतं. मी रोज उंचावर चढायचो, त्यामुळे ते बघून माझाही जीव खालीवर व्हायचा, खोटं कशाला बोलू. वहिनीला ते सहन होईना. एका सकाळी मी ड्यूटीवर निघण्याआधी तिनं मला उजेडात उभं केलं. "भाऊजी, हालू नका न," म्हणत तिनं घाईघाईनं डोळे रंगवून टाकले. आई तेव्हा नळावर होती.

नेमका त्याच दिवशी मी दुपारी घरी आलो नाही. सिमेंटचं काम अर्ध्यावर थांबवता येत नाही म्हणून आम्हाला पुढच्या दोन्ही पाळ्यांना तसंच ठेवून घेतलं. इकडे वस्तीत बातमी पसरली की वरून खलासी पडला. पडली होती ती ताडपत्री! पण ते घरी कोण सांगणार? दादा गेटवर चकरा मारत होता. घरात आई आणि वहिनी, आणि भिंतीशी टक्क डोळे उघडून बघणारा मी. संध्याकाळ झाली तशी वहिनीचाही धीर सुटला. घासलेटात चिंधी बुडवून तिनं ते डोळे पुसून काढले, आणि त्या घासण्यात भिवयांसकट कपाळही गेलं.

उजाडता उजाडता मी दारात आलो तर दोघी उंबऱ्याशी बसलेल्या. वहिनी मला बघून हुंदके देऊ लागली. आई उठली, माझा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवला आणि भिवईवर बोट फिरवलं.

"डाव्या बाजूले हाय," ती म्हणाली. "रातभर आठवून राहिली मी. तुह्या भिवईवरचा व्रण कोन्या बाजूले, मले सुचेच ना. पोटच्या पोराचा! चित्रात पाह्याले गेली, तं हिनं तेही पुसून ठेवलं."

मग ती वहिनीकडे वळली.

"काढ वो परत. डोये बी काढ. पैले त्या डब्ब्यातून फोटो काढ त्याचा, चारी बाजूनं, मंग चित्र."

मी चहा तरी घेऊ का, म्हणालो. नाहीच म्हणाली! धुळीनं माखलेला तसाच मला खिडकीशी उभा केला. वहिनीनं समोरून, बाजूनं, उजेडातून फोटो काढले. ती कॅमेरा ठेवू लागली तशी आई म्हणाली, "अन् तुहा कोन काढीन? दे इकडं."

पुतण्यानं परवा हॉलमध्ये लावायला वहिनीचा फोटो कुठला घ्यावा असं विचारलं. मोबाईलमध्ये तिचे छान छान फोटो पडले आहेत. मी आईनं काढलेला तोच घ्यायला लावला. वाकडा आहे, वहिनीचं अर्धं कपाळ कापलं गेलंय. येणारे जाणारे नावं ठेवतात. त्यांना काय माहीत... बटण दाबताना आईनं भीतीनं स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि फोटोत वहिनी हसते आहे ती तिच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून.