अठराशे ब्याऐंशीचं पाणी

ऑरिन स्टॅडलरच्या घराण्याने आमच्या या पश्चिम कोलोरॅडोच्या खोऱ्यात एकच पराक्रम केला. ते सगळ्यांच्या आधी आले. आजोबांनी १८८२ साली ओढ्यातून पहिला पाट काढला आणि कोर्टात तशी नोंद करून घेतली. यात ऑरिनचं स्वतःचं कर्तृत्व शून्य. पण अठ्ठ्याहत्तर वर्षं हा माणूस त्या आकड्याच्या जोरावर छाती काढून फिरला. माझा नवरा ग्लेन गेला तेव्हा दफनभूमीतसुद्धा त्याने पाहुण्यांना गाठून ऐकवलं, "आमचा हक्क ब्याऐंशीचा, बरं का!"

आमचा १९०६चा. म्हणजे ओढा आटायला लागला की आधी पाणी ऑरिनचं, उरलं तर आमचं. कायदाच तसा आहे. पूर्वी उरायचं. डोंगरावर जून संपेपर्यंत बर्फ असायचं आणि ओढा ऑगस्टभर वाहायचा, त्यामुळे ऑरिनची बढाई नुसती ऐकून सोडून द्यायची. आता मार्चमध्येच चटके बसतात, बर्फ दोन-तीन आठवड्यांत वितळून वाहून जातं आणि जुलैत ओढ्यातले गोटे उघडे पडतात.

बरं, हा त्या पाण्याचं करायचा काय? गाई विकून सहा वर्षं झाली होती. लसूणघासाच्या रानात नुसते काटे माजले होते. तरी रोज सकाळी गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून, खांद्यावर फावडं टाकून, साहेब काट्यांना पाणी पाजायला निघायचे. पाणी वापरलं नाही तर हक्क जातो, ही भीती बापाने लहानपणी घातलेली, ती म्हातारपणीही डोक्यातून निघाली नव्हती.

त्या वर्षी माझ्या एकशे चाळीस पीचच्या झाडांना फळ धरलं होतं. झाडं सासूबाईंनी लावलेली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाटकरी डेल आला आणि माझ्याकडे न बघता आमच्या पाटाच्या दाराला कुलूप घालून गेला. ऑरिनने आपलं सगळं पाणी मागितलं होतं.

मी त्याच्या रानात गेले. चिखलात उभा होता.

"ऑरिन, दोन पाळ्या द्या मला. फळ गेलं तर जाऊ दे, झाडं तरी वाचतील."

"दिल्या असत्या गं वेल्डा. पण एकदा दिलं की लोक म्हणणार, म्हाताऱ्याला पाणी लागत नाही."

"डेलने सांगितलंय ना तुम्हाला? दहा-दहा वर्षं पाणी न वापरता राहिलं तर हक्काचं विचारतात. दोन पाळ्यांनी काय होतंय?"

"डेल कालचं पोर. त्याला काय कळतंय!"

हे कालचं पोर बावन्न वर्षांचं होतं.

"बरं, मग या काट्यांची कापणी कधी? कळवा, मदतीला येते."

"जीभ अगदी सासूवर गेलीय तुझी," तो हसून म्हणाला आणि फावड्याने बांध सारखा करू लागला. असल्या माणसापुढे मी हात पसरले, याचा मला अजून राग येतो.

ऑगस्टमध्ये पानं करपली. फळं सुपारीएवढी राहून गळली. सप्टेंबरात मी फांद्या मोडून पाहत हिंडले, एकीतही ओल नव्हती. मग करवतवाले बोलावले.

आणि त्याच महिन्यात ऑरिनची विहीर आटली. त्याचं घर माझ्या बागेच्या खाली आहे, आणि रान त्याहूनही खाली, ओढ्याच्या कडेला. आम्ही झाडांना दिलेलं पाणी जमिनीतून झिरपून त्याच्या विहिरीत उतरायचं. सासूबाई तोंडावर म्हणायच्या, "ऑरिन, तुझी कॉफी माझ्या पीचच्या मुळांतून गाळून येते!" त्याला ती थट्टा वाटायची. गावाने नळ आणला तेव्हा आम्ही सगळ्यांनी घेतला, यानेच नाही घेतला. ब्याऐंशीचा हक्क असलेला माणूस नळाचं पाणी पिईल होय?

दोन डबे घेऊन दारात आला.

"विहीर खडखडीत झालीय गं."

"पाटात वाहतंय की तुमचं ब्याऐंशीचं. प्या."

"त्यात शेण असतं वरच्यांच्या गाईंचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी विचार केलाय. उद्यापासून पाणी घे तू. हवं तेवढं. फक्त एक लिहून दे, पाणी माझंच आहे म्हणून."

मी घराच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे भिंतीच्या उंचीइतके ओंडके रचून ठेवले होते, एकशे चाळीस झाडांचे.

त्याने तिकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा मेलेल्या झाडांसाठी डोक्यावरची टोपी काढेल. डबे खाली ठेवून तो ढिगापाशी गेला, एक ओंडका उचलून त्याने नाकाशी धरला.

"पीच ना? डुकराच्या मांसाला धुरी द्यायला याच्यासारखं लाकूड नाही. चार नेऊ का?"

डबे मी भरून दिले. तहानलेल्याला पाणी नाही म्हणायला मी काही ऑरिन स्टॅडलर नाही. त्याच्या हातातला ओंडका मात्र मी काढून घेतला.