यंत्राचा खाऊ

शू-हुईताईबरोबर काम करायचं म्हणजे श्वास घ्यायचीही चोरी. आम्ही गाडीच्या रडारमधल्या नखाएवढ्या चिप तपासतो. त्यांच्या लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर, केबलला धक्का लागला तरी माप गेलं. कुणी टेबलाला टेकलं की ताई सुरूच, "टेकायला घरी भिंत नाही का?" डोकं उठवते नुसतं. पण तैवानमधल्या आमच्या शिंचू शहरात असा स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याकडे यंत्र बिघडू नये म्हणून त्याच्यावर कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवतात. त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. पुडा हिरवाच हवा, मुदतीतला हवा आणि कुणी खायचा नाही. ताईचं याबाबतीत सोवळं फार कडक.

नवं यंत्र आलं. त्याचा माथा उतरता, पुडा घसरायचा, म्हणून ताईनं तो आतच, चिपशेजारी ठेवला. पडद्यावरची रेघ सरळ यायला हवी, ती येईना. ताईनं केबल बदलल्या, चिपला टेकवायच्या सुया पुसल्या, शेवटी आणखी मोठा पुडा आणला. रेघ जास्तच वाकडी.

आमचे वरिष्ठ यिएनसाहेब म्हणाले, "ताई, तुमचा हात थरथरतोय. आज जमलं नाही तर उद्यापासून पॅकिंगला बसा."

अख्खं आयुष्य मापण्यात घालवलेली बाई खाली बघत राहिली. मला साहेबांचा असा संताप आला!

दुपारी साहेब जेवण चुकवून आले. यंत्रात हात घातला, पुडा काढला, फोडला आणि खायलाच लागले.

"साहेब, ते यंत्राचं आहे," मी म्हणालो.

"यंत्र कुठे खातंय?"

ताई पांढरीफटक पडली. मग रागारागानं तिनं पुन्हा माप घेतलं. रेघ सरळ. परत घेतलं, तरी सरळ.

तिनं साहेबांच्या हातातला पुडा ओढून आत पाहिलं. आतून चकचकीत रुपेरी. लहरी त्याच्यावर आपटून परत येत होत्या.

"मीच ठेवला होता," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे हात ठीक आहे ताईंचा," मी साहेबांना ऐकवलं.

"बरं, पॅकिंगचं राहू दे," साहेब बोटं चाटत म्हणाले. माफीबिफी काही नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रात पुडा नव्हता. साहेबांच्या टेबलावर मात्र एक नवा, हिरवा, मुदत बघून आणलेला पुडा होता.

"यंत्र शहाणंच होतं," ताई म्हणाली. "ज्याला गरज आहे त्याच्यापुढे ठेवलाय. आणि तू टेकू नकोस."