छप्पन पेट्यांची खांदेमळणी

तातेरावाकडे बैल नव्हते, आणि ही गोष्ट त्याला वर्षातून एकदाच, पोळा जवळ आला की बोचायची. डोंगरकडा गावातल्या घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावाने, संतरामने, बैलजोडी स्वतःकडे ठेवून घेतली आणि वर धाकट्याला विचारलं, "तुला रेल्वेची नोकरी हाय. तुला बैल काहून पाह्यजेत?" प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच तो जास्त झोंबला.

नोकरी होती हिंगोली स्टेशनात, तेलवाल्याची. रेल्वेच्या डब्याचा सगळा भार चाकांच्या आसावर येतो. त्या आसाची टोकं ज्या लोखंडी पेट्यांत फिरतात, त्यांत तेलात भिजवलेले सुताचे गुंडे भरायचे. पेटी कोरडी पडली की आस तापतो, धूर निघतो आणि गाडी रानात उभी राहते. एका डब्याला अशा आठ पेट्या. तातेराव प्रत्येक पेटीला उलटा हात लावून बघायचा, जसा आपण लेकराच्या कपाळाला लावतो.

१९३४ साली हिंगोली-पूर्णा पॅसेंजरला सात डबे आले. स्टेशनात हार बांधून त्यांचं स्वागत झालं. 'नवे डबे, नवे डबे' म्हणून लोक बघायला लोटले. नवा होता तो फक्त चॉकलेटी रंग. खालचं लाकूड दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावर वीस वर्षं घासून आलेलं होतं. तातेरावाने पहिल्याच दिवशी वाकून चाकं बघितली आणि ते ओळखलं, पण वाच्यता केली नाही. पाहुण्यांचं वय कोणी विचारतं का? त्याने गुपचूप सातही डब्यांना नावं ठेवली. चांद्या, मोऱ्या, बांड्या, पाखऱ्या, कैऱ्या, हौश्या आणि सगळ्यात शेवटी, धक्के खाणारा, गुण्या. ही नावं फक्त त्याच्या बायकोला, शालूबाईला, ठाऊक होती. नवरा घरी येऊन "आज मोऱ्या लई कुरकुरला" असं म्हणाला, तर ती मुकाट्याने भाकर वाढायची.

मग लढाई लागली. बाकीच्या मार्गांवरचे चांगले डबे कुठे कुठे गेले, नवे मिळेनासे झाले, आणि हिंगोलीच्या लोकांना पूर्णेला नेणारे हे सातच काय ते उरले. वसमतच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, कचेरीची माणसं, हळदीचे व्यापारी, सगळे त्यांत कोंबून बसायचे. १९४३च्या आषाढात पाखऱ्याची एक पेटी दोनदा पेटली.

डबे तपासणारे व्यंकटराव साहेब पूर्णेहून आले. माणूस कडक, पण खोटा नव्हे. अडचण एवढीच, की ते यायचे तेव्हा गाडी थांबून दोन-तीन तास झालेले असायचे, आणि निवलेलं लोखंड काही बोलत नाही. त्यांनी सगळ्या पेट्या पाहिल्या. सगळ्या सारख्याच गार, सारख्याच काळ्या.

"एक तर तू तेल बराबर घालत नाहीस," साहेब म्हणाले, "नाही तर सातही डब्यांचे आस झिजलेत."

"तेल मी घालतो साहेब. आन् सात न्हाई, एकच आस खराब हाय. चौथ्या डब्याचा. माज्या हाताला कळतं."

"तुझा हात कारखान्यात पाठवू का पुरावा म्हणून?"

आजूबाजूचे हसले. तातेरावाला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. महिन्याभरात निकाल आला. पोळ्याच्या दिवशी सातही डबे शेवटचे पूर्णेला न्यायचे, तिथून भंगारात. पॅसेंजर बंद, पुढे फक्त मालगाडी. हिंगोलीकरांनी पुन्हा बैलगाड्या जुंपाव्यात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तातेराव घरी येऊन ओट्यावर बसला तो उठेचना. त्या सांजेला गावोगावी बैलांची खांदेमळणी चाललेली असते. वर्षभर जू ओढून दुखलेले खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं.

"अवो," शालूबाई म्हणाली, "तुमचे सात हायेत की स्टेशनात. उद्या जातेत ते. त्यायचे खांदे कोण मळील?"

अकरा वर्षांच्या संसारात ही बाई आपली सगळी बडबड ऐकत होती, हे तातेरावाला त्या दिवशी कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. शालूबाईने घरातलं होतं नव्हतं तेवढं तूप काढलं, त्यात पायलीभर कुटलेल्या हळदीतली चांगली मूठ-मूठ कालवली, आणि दोघं स्टेशनात गेली. दिवस मावळायच्या आत छप्पनच्या छप्पन पेट्यांना बोट-बोट लेप लागला. प्रत्येक डब्याला तातेराव हळूच "उद्या जेवाया या बरं" म्हणाला. मग नेहमीसारखं तेलही घातलं. शेवटचं काम म्हणून त्याने कसूर केली नाही.

सकाळी गाडी निघाली, तेलाचा डबा घेऊन तातेरावही बरोबर निघाला. चार दिवस पावसाने उघडीप दिली होती. बोल्डा स्टेशन मागे पडलं आणि मधल्या डब्यातल्या लोकांनी नाकं वर केली. गार्ड मोहनसिंग पुढच्या स्टेशनात उतरून तातेरावापाशी आला.

"अरे, फोडणी करपल्याचा वास येऊन राहिला. डब्यात कुणी चूल मांडली का?"

तातेरावालाही वास आला होता. तो वाकला आणि एका पेटीत जादा तेल ओतलं. गाडी हळूहळू पूर्णेला पोचली.

व्यंकटराव आले ते नेहमीप्रमाणे गाडी निवल्यावर. पहिल्याच डब्यापाशी त्यांचा पारा चढला.

"हे काय? सरकारी डब्यांना हळद? लग्न लावतोस?"

"खांदेमळणी हाय साहेब. आज पोळा."

"कामावरून काढतो तुला!" म्हणत साहेब गुन्हे मोजायला निघाले. चांद्याच्या आठही पेट्या पिवळ्या. मोऱ्याच्या पिवळ्या. तूप वितळून ओघळलं होतं, पण हळद जागेवर होती. बांड्याच्या पिवळ्या. चौथ्या डब्याच्या सहाव्या पेटीशी साहेब थबकले. तिथली हळद करपून काळी ठिक्कर पडली होती, तव्याला लागलेल्या पिठल्यासारखी. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. पुढचे तीन डबे ते धावत गेले म्हटलं तरी चालेल. पंचावन्न पिवळ्या, एक काळी.

साहेब परत आले तेव्हा आवाज उतरला होता. "हळद उरली का?"

"हाय थोडी."

"पुन्हा लाव सगळ्यांना. ही गाडी मी परत हिंगोलीला नेतो. मीही येतो."

संध्याकाळी हिंगोलीत गाडी शिरली तेव्हा फलाटावर माणूस मावत नव्हता. डबे गेले म्हणून हळहळत बसलेली माणसं डबे परत आलेले बघून ओरडत धावली. साहेबांनी कंदील घेऊन छप्पन पेट्या पाहिल्या. पुन्हा पंचावन्न पिवळ्या, आणि काळी तीच एक. ते सरळ झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तातेराव, हात तुमचाच खरा." 'तू'चं 'तुम्ही' झालेलं शालूबाईने नेमकं ऐकलं.

सहा डबे चालू राहिले आणि एकटा पाखऱ्या कारखान्यात गेला. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो नवा आस घालून परत आला. व्यंकटरावांनी तोवर महिन्यातून एकदा हळद लावायचा लेखी हुकूम काढला होता, आणि त्या दिवशी वाटी धरून ते स्वतः उभे होते. त्यानंतर अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य जाईपर्यंत त्या सातांतली एकही पेटी वाटेत पेटली नाही.

पण तातेराव जन्मभर सांगायचा ते वेगळंच. पाखऱ्या परत आला त्या पोळ्याच्या सकाळी डोंगरकड्याहून संतराम आला, खांद्यावर स्वतःच्या बैलाची घुंगरमाळ टाकून. त्याने ती पाखऱ्याच्या दाराशी दांडीला बांधली.

"दादा, आन् तुज्या बैलाला?" तातेरावाने विचारलं.

"त्याला दुसरी हाय," संतराम म्हणाला. "वाटणीत तुजी राह्यली होती."

शिट्टी झाली, चाकं फिरली, आणि पूर्णेपर्यंत सगळी गाडी घुंगरं वाजवत गेली.