गाव पूर्णतः सहमत

बोरगाव मेघेच्या आमच्या घरात, हॉलमधल्या शोकेसवर, माझं एक फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आहे. 'ऑनलाइन लोकसहभागात उत्कृष्ट कामगिरी.' नवऱ्यानं हौसेनं काच लावून आणलं. पाहुणे ते वाचतात, वा वा करतात, आणि मला स्वतःची किळस येते. काढून टाकायचीही सोय नाही. काढलं तर का काढलं ते सांगावं लागेल.

मी तेव्हा समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवायची. दोन खोल्यांची शाळा, चौथीपर्यंत अकरा पोरं, आणि मी एकटी बाई. सरकारनं एका धोरणाचा मसुदा काढला होता: कमी पोरांच्या शाळा बंद करायच्या आणि हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत विलीन करायच्या. पण लोकांना विचारल्याशिवाय नाही हं! त्यासाठी खास पोर्टल होतं. मोबाईलवर या, आपलं मत द्या, धोरण घडवा. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, या गावाला कोणीतरी काहीतरी विचारतंय.

मग केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आमच्या परिसरातल्या शाळांवरच्या साहेबांचा, ग्रुपवर मेसेज आला. घरटी एक मत, तीन दिवसांत, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट. कोणतं गाव पुढे, कोणतं मागे, याची यादी रोज संध्याकाळी. लोकांचं मतसुद्धा आता पोलिओच्या डोससारखं घरोघर जाऊन पाजायचं होतं.

गावात नेटवर्क मिळायचं ते फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथल्या ओट्यावर मी बसले आणि लोक आपापले फोन घेऊन आले. मसुदा वाचून दाखवला की बहुतेकांचं एकच, "तुमी म्हणसान तसं, बाई." एक बाई मात्र तशी नव्हती. निंदणाच्या कामावर जाणारी मजूर, तिची मुलगी माझ्याकडे तिसरीत. जय भीम म्हणत आली, प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मंग आपली शाळा बंद होईन?"

"तसंच लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मी लिहिते."

तिनं पदर सारखा केला आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी उभी राहिली. "लिहा. मधात नाला आहे. पूर आला का तीन-तीन दिवस वाट नाई राह्यत. मी कामावर जातो, पोरीले नाल्यापार कोन नेईन? इथची शाळा बंद केली तं माह्या पोरीचं शिकणं बंद होईन. म्हणून मी नाई म्हणतो."

इतकं स्वच्छ मत मी कुठल्या मीटिंगमध्येही ऐकलं नव्हतं. मी तिच्या फोनवर 'असहमत' दाबलं. लगेच खाली लांबलचक चौकट उघडली: कारण सविस्तर लिहा, कागदपत्र जोडा. मी तिचं म्हणणं जसंच्या तसं टाइप केलं. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले, आणि मग वेळ संपली म्हणून पानच उडालं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. वरचं 'पूर्णतः सहमत' मात्र काय गरीब! ना कारण, ना कागद. एक बोट लावा की झालं.

तिच्या मागे सहा जण ताटकळले होते. एवढ्यात साहेबांचा फोन. "मॅडम, तुमचंच गाव मागं काऊन आहे? सहमत-असहमत काय ते पाहत बसू नका. आकडा पाहिजे मले."

मी 'पूर्णतः सहमत' दाबलं.

तिच्याच फोनवर ओटीपी आला, तो मी तिच्यापुढे धरला. आकडे तिला मुलीनं शिकवले होते, म्हणून एकेक आकडा मोठ्यानं, अभिमानानं वाचून दाखवला तिनं. तो मी भरला. हिरवी खूण आली: 'जागरूक नागरिक, आपले आभार.'

"लिहलं ना बाई, नाल्याचं?"

"हो. लिहिलं."

शी! किती सहज निघालं तोंडातून. पुढच्यांना तर मी विचारलंसुद्धा नाही. फोन घ्यायचा, बोट लावायचं, द्यायचा. आमचं गाव तालुक्यात पहिलं आलं, आणि ते प्रमाणपत्र मला हारासकट मिळालं.

काही महिन्यांनी ग्रामसभेत तालुक्याचे अधिकारी कागद वाचत होते. "गाव पूर्णतः सहमत. एकही हरकत नाही." ती ताडकन उभी राहिली. "कोन म्हणते? म्या तं नाई म्हटलं होतं. विचारा बाईले!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरं बोलायची तीच वेळ होती, आणि मी म्हटलं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता."

अधिकारी म्हणाले, मुदत संपली, आता काही बदलता येणार नाही. सभा उठली. ती माझ्याजवळ आली, आणि वर मलाच समजावलं तिनं! "जाऊ द्या बाई. तुमी तं लिहलं होतं. थ्या मशीननंच खाल्लं असन." तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता मी हमरस्त्यावरच्या त्याच मोठ्या शाळेत आहे. एसटी अगदी फाटकाशी थांबते, माझं जाणं-येणं निम्म्यावर आलं. लोकसहभागाचा फायदा झाला तो असा, मला झाला. तिची मुलगीही इथेच, चौथीत. नाला उतरलेला असेल तेव्हा येते.

हजेरीसुद्धा आता मोबाईलवरच. गैरहजर लिहिलं की कारण निवडावं लागतं: आजारी, परगावी, पालकांची उदासीनता. नाला त्या यादीत नाही. मागच्या आठवड्यात पूर होता, तीन दिवस मी 'आजारी' दाबलं. चौथ्या दिवशी मोबाईलनं डॉक्टरचा दाखला मागितला. कारण दिल्याशिवाय पान पुढे सरकेना, आणि वर्ग खोळंबला होता.

मी 'पालकांची उदासीनता' दाबलं.