बेटामागची झोप

शेजारी म्हणत, त्यांच्या घरी मांजरसुद्धा चपला काढून चालते. मांजर त्या घरात कधीच नव्हते. पण बाकीचे बहुतेक खरे होते. दाराच्या घंटीला फडक्याची घडी बांधलेली असे. खुर्च्यांच्या पायांना जुन्या मोज्यांचे तुकडे चढवलेले असत. जिन्यात कोणी आवाज चढवला की पहिल्या मजल्यावरचे एक दार जरासे किलकिले होई आणि त्या फटीतून ओठांवर टेकवलेले बोट दिसे. त्या बोटावरूनच मुलांनी त्यांना ‘हळूभाऊ’ हे नाव दिले. पुढे मोठ्यांनीही तेच उचलले.

कारण सगळ्यांना ठाऊक होते. त्यांची बायको इस्पितळात परिचारिका होती आणि वर्षानुवर्षे रात्रपाळी करत होती. ती सकाळी घरी येई आणि दिवसा झोपे. हळूभाऊंची नोकरी दुपारची. त्यामुळे सकाळभर ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर सुनांना ऐकवत, “बायकोच्या झोपेची राखण कशी करावी, ते त्या माणसाकडून शिकावं.” यावर धाकटी सून एकदा म्हणाली, “आम्हांला नका सांगू, मामंजी. तुमच्या मुलांना सांगा.”

हळूभाऊ तांडेल होते. पर्यटकांना समुद्रात नेऊन ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी देवमासे, दाखवणारी एक बोट ते चालवत. वाटेत खडकांवर लोळणारे सील भेटत, कधी डॉल्फिन बोटीशी शर्यत लावत. पण माणसे येत ती ऑर्कांसाठी. त्या काळ्या पाठी, ते पांढरे पोट आणि पुरुषभर उंचीचा, पाण्यातून सरळ वर येणारा पाठीवरचा पर एकदा दिसला की बोटीवरचा सगळ्यात बडबड्या माणूसही गप्प होई. त्यांची भाची त्याच बोटीवर मार्गदर्शक होती. ती ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगे आणि ध्वनिक्षेपक बंद करून मामांची टिंगल करे.

इतर तांडेलांना स्वतः ऑर्का शोधायचे तर वणवण करावी लागे. सापडले तरी ते भरधाव पुढे जात आणि प्रवाशांच्या छायाचित्रांत नुसते पाणी उरे. हळूभाऊंना मात्र ते हमखास सापडत, आणि सापडल्यावर पळतही नसत. एका ओळीत, खांद्याला खांदा लावल्यासारखे, संथपणे चालत राहत. सगळे एकदम वर येऊन श्वास सोडत आणि एकदम खाली जात. धक्क्यावर बोलले जाई, “याच्या हातात जादू आहे. जनावराला याची भीती वाटत नाही.”

जादू वगैरे काही नव्हती. रात्रभर शिकार करून ते कुटुंब दुपारी बेटामागच्या अरुंद पाण्यात येई, कारण तिथे लाटा कमी आणि वर्दळही कमी. ती ओळ म्हणजे त्यांची झोप होती. ऑर्का थांबून झोपत नाहीत. दुपारी झाडाखाली गुरांनी डोळे मिटून रवंथ करत बसावे, तसे ते एकमेकांच्या आधाराने चालता चालता झोपतात. हळूभाऊंनी हे फार वर्षांपूर्वी ओळखले होते आणि स्वतःशीच ठेवले होते.

धक्क्यावरचा रिवाज असा की, ज्याला ऑर्का दिसतील त्याने वायरलेसवर बाकीच्यांना कळवायचे. आज मी, उद्या तू. हळूभाऊ कळवत, “बेटामागे आहेत. स्वस्थ आहेत.” स्वस्थ हा त्यांचाच शब्द. तो ऐकला की उरलेल्या बोटी निर्धास्तपणे तिकडे वळत. ‘झोपलेत’ असे त्यांनी एकदाही म्हटले नाही.

भाचीला शंका आली होती. एकदा तिने विचारले, “मामा, हे झोपलेत का हो?”

“अंतर बघितलंस?”

“ते बरोबर आहे.”

“बाजूनं आलोय, समोरून नाही. इंजिन मंद आहे. नियमात आहोत ना? मग झालं.”

“मी नियमाचं नाही विचारलं.”

हळूभाऊ दूर पाहू लागले. भाची म्हणाली, “आई म्हणते ते खरं आहे. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही.” आणि ध्वनिक्षेपक सुरू करून तिने प्रवाशांना सांगितले, “आपल्या डावीकडे एक कुटुंब शांतपणे विहार करत आहे.”

त्या वर्षी त्या कुटुंबात पिल्लू जन्मले. नवजात पिल्लू दिवसरात्र पोहत राहते, झोपत नाही; म्हणून आईलाही झोप नाही. बाकीचे ओळीत निजलेले आणि ही एकटी पिल्लाभोवती घिरट्या घालत असलेली, असे हळूभाऊंना रोज दिसे. त्यांनी ते घरी सांगितले. बायकोला त्या आईचा भारी कळवळा आला. “माझ्या पाळीचीच आहे म्हणायची,” ती म्हणाली. मग रोज संध्याकाळी कामावर निघताना, केस बांधता बांधता ती विचारू लागली, “लागली का हो तिला झोप?”

“अजून नाही.”

“लागेल. पिल्लू जरा मोठं झालं की लागेल.”

याच सुमारास समोरच्या इमारतीत दुरुस्ती निघाली. सकाळी ड्रिल सुरू झाले की या घरातल्या कपाटातली भांडी थरथरत. फडकी आणि मोजे यांपुढे काय करणार? बायकोच्या झोपेचे खोबरे झाले. ती पलंगाच्या कडेला बसून राही आणि म्हणे, “डोळा लागून मोडला की सोसवत नाही हो. नाहीच लागला तर निदान आशा तरी नसते.” इस्पितळात तिने एका रुग्णाचे औषध दुसऱ्याच्या तोंडाशी नेले होते, बरोबरच्या बाईने हात धरला म्हणून निभावले.

हळूभाऊ तडक खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा ते रस्त्यात ओरडताना लोकांनी पाहिले. ड्रिलवाल्याने यंत्र बंद केले, कानांवरचे झाकण काढले आणि सगळे ऐकून घेतले. मग सौम्यपणे म्हणाला, “काका, ठरलेल्या वेळेतच करतोय. तुमच्या भिंतीला हात लावला नाही. नियमात आहे सगळं.”

“अहो, पण आत माणूस झोपलंय!”

“ते मला कसं कळणार?”

हळूभाऊ वर गेले नाहीत. तसेच धक्क्याकडे चालू लागले.

त्या दुपारी बोट भरलेली होती. बेटाला वळसा घालताच ओळ दिसली. हळूभाऊंचा हात सवयीने वायरलेसकडे गेला आणि तोंडाने सवयीचे वाक्य बोलले, “बेटामागे आहेत. स्वस्थ आहेत.” वायरलेस जागेवर ठेवल्यावर त्यांनी नीट पाहिले. ओळीत एक पर जास्त होता. आई कुटुंबात सामावली होती, पिल्लू तिच्या कुशीला चिकटले होते, आणि तिचा श्वास बाकीच्यांच्या श्वासाबरोबर पडत होता.

त्यांनी सुकाणू फिरवले.

“मामा, अहो, कुठे? समोर आहेत ते!”

“सील दाखव.”

“सील? लोक मला समुद्रात टाकतील!”

त्यांनी पुन्हा वायरलेस उचलला. “येऊ नका. झोपलेत. पिल्लाची आई झोपली आहे.” पलीकडून हसण्याचा आवाज आला. एक तांडेल म्हणाला, “आता दारं लावून अंगाई म्हणतोस का, हळूभाऊ? येतोच आहोत, जागा धर.” बोटी निघालेल्या होत्या. प्रत्येक बोट नियमाचे अंतर राखून, नियमाच्या बाजूने आली. एक थांबली की दुसरी इंजिन सुरू करी. ओळ तुटली. थोडे पुढे जाऊन पुन्हा जुळली, पुन्हा तुटली. शेवटी आई पिल्लाला ढकलत ओळीतून बाहेर पडली आणि पूर्वीसारख्या घिरट्या घालू लागली. हळूभाऊंनी हे लांबून पाहिले. प्रवासी सीलकडे पाठ करून तक्रारी करत होते.

संध्याकाळी बायकोने केस बांधता बांधता विचारले, “लागली का तिला झोप?”

“लागली होती,” ते म्हणाले.

तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिले, पण तिला उशीर झाला होता.

पुढे त्यांनी बोटीच्या मालकीणबाईंना विनवले की, दुपारी ते पाणी मोकळे सोडावे. बाई मनाने वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “आपली बोट मी थांबवीन. पण बाकीच्या? ती जागा त्यांना कुणी दाखवली?” हळूभाऊ प्रत्येक तांडेलाकडे जाऊन आले. कोणी चेष्टा केली, कोणी मान डोलावली. दुपारी सगळे बेटामागेच होते. काही दिवसांनी कुटुंब तिथे येईनासे झाले. ते बाहेरच्या खवळलेल्या समुद्रात कुठे झोपते, की झोपतच नाही, हे कोणालाच कळले नाही. पिल्लूही पुन्हा दिसले नाही. ते जगले असेल, असे भाची म्हणे.

त्यांनी ती बोट सोडली आणि विटा-सिमेंट वाहून नेणाऱ्या बोटीवर काम धरले. घंटीवरचे फडके तसेच राहिले. पण जिन्यात कोणी ओरडले तरी दार उघडून ओठांवरचे ते बोट आता बाहेर येईना. मास्तरांना हे बघवेना. एकदा जिन्यात गाठून त्यांनी समजूत घातली, “किती मनाला लावून घ्याल? तुम्ही एकही नियम मोडला नाहीत. मुकं जनावर ते. झोपलंय की जागं आहे, हे तुम्हांला तरी कसं कळणार?”

हळूभाऊंनी हातातली पिशवी अलगद खाली ठेवली.

“कळत होतं, मास्तर. झोपलेले पळत नाहीत, म्हणूनच बोट तिथे नेत होतो.”