हैबतीने भाजलेलं लॉन

नाते गावात आमच्या शेजारी हैबती राहतो. बंगला दोन मजली, खोल्या सहा, माणूस एक. मुलगा राजेश ठाण्याला मोठ्या हुद्द्यावर. हैबतीची बायको रंगूवहिनी वारल्यावर राजेशने जुनं घर पाडून हा बंगला बांधला आणि पुढ्यात, जिथे हैबती जन्मभर भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, नेमकं तिथे लॉन लावलं. आमच्या गावात लॉन म्हणजे बैलाला पायमोजे. हे एकदा तोंडावर म्हणालो तर हैबती दोन दिवस बोलला नाही. म्हणून आता म्हणत नाही, लिहितो.

गेल्या मे महिन्यात राजेश, सून तेजश्री आणि सात वर्षांची नात श्रुतिका आठ दिवसांसाठी आली. लॉन वरून हिरवं, पण खाली वाळल्या गवताची गादी आणि माती दगडासारखी. पोरीच्या पायांना टोचलं, अंगाला खाज सुटली. तिसऱ्या दिवशी मंडळी परत. खरं कारण उकाडा की नेट नसणं की सासरा-सुनेचं काही, यावर मी गावात बरंच बोललो. हैबतीने मात्र एकच धरून ठेवलं, लॉन टोचलं म्हणून नात गेली.

यंदा शिमगा झाला आणि राजेशचा फोन आला. "बाबा, मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा. मग जागोजागी भोकं पाडा, मुळांना हवा मिळेल."

हैबती लागला कामाला. सकाळी दाताळं, ऊन उतरल्यावर पहार. दोरी लावून, वीतवीत अंतरावर, रांगेत भोकं. बनुबाई, आमच्या आळीची वार्ताहर, कुंपणाशी थबकली.

"भावजी, काय शोधताव?"

"काय नाय. जमिनीला हवा देतोय."

"मंग इतकी वर्सं ती कशी जगली?"

दिवेलागणीपर्यंत आळीत झालं की हैबतीला गुप्तधनाचा माग लागलाय. त्यात हंडा तांब्याचा आहे, ही भर माझी.

अर्धं लॉन उरकलं आणि हैबतीची कंबर धरली. चार दिवस तो ओट्यावर बसून उरलेल्या अर्ध्याकडे बघत राहिला. कडेला वाळल्या गवताचा ढीग. चैत्र तोंडावर आलेला, शिवारात जो तो पालापाचोळा अंथरून राब भाजतोय, रोप दाट यावं म्हणून. हैबतीच्या हाताला जमीन सुधारायची तीच एक रीत ठाऊक. पाचव्या दिवशी त्याने ढीग उरलेल्या अर्ध्यावर पसरला, वर शेणाचा चुरा टाकला, वारा बघितला आणि काडी ओढली.

मी धावत गेलो. "अरे, लॉन हाय ते."

"गवतच ना? भाताला चालतं तर याला का नाय?"

विझल्यावर तो काळा चौकोन बघून मात्र त्याचा चेहरा उतरला.

रविवारी राजेशचा व्हिडिओ कॉल. वधूपित्याने मुलीची एकच बाजू दाखवावी तसा हैबती फोन धरून उभा. पण पोरांचे डोळे ते.

"आजोबा, तुमच्या मागे काळं काय आहे?"

मग राजेश दिसला. "बाबा, जाळलंत? आता हात लावू नका. मेमध्ये आम्ही महाबळेश्वरचंच बघतो."

त्यानंतर हैबती सकाळ-संध्याकाळ त्या राखेवर पाइपने पाणी घालायचा. पंधरा दिवस काही नाही. एरवी मी चार शब्द टोचले असते, पण त्या दिवसांत त्याच्या कुंपणावरून जाताना मलाच घाई असायची. मग राखेतून सुया वर आल्या. मे उजाडेपर्यंत जळकी बाजू भोकांच्या बाजूपेक्षा दाट झाली. हैबतीने फोटो पाठवला. राजेशने अंगठा पाठवला. हॉटेल आधीच ठरलं होतं. तेजश्रीने तेवढं कळवलं, पोलादपूरवरूनच जायचं आहे, वाट वाकडी करून दोन तास येऊ.

आले. श्रुतिकाने सँडल काढले, बिचकत पाऊल टाकलं आणि थेट जळक्या बाजूवर आडवी झाली.

"आजोबा, इथे मऊ आहे."

हैबती तिचे सँडल हातात धरून उभा होता. जेवणं झाली, मुलगा घड्याळ बघायला लागला.

"एक रात रहा की गो," हैबती नातीला म्हणाला.

उत्तर राजेशने दिलं. "बाबा, घाटात गर्दी होते."

संध्याकाळी मी मुद्दाम छेडायला गेलो. "काय रे, भोकं फुकट गेली नि आग कामाला आली."

पाइप गुंडाळून ठेवलेला होता. पाणी नाही का घालत, म्हणून विचारलं.

"आज नको," हैबती म्हणाला आणि बोट दाखवलं. गवतात पोर आडवी झाली होती तेवढा भाग दबलेला, एक हात पसरलेला सुद्धा कळत होता. "पाणी पडलं की उभं राहील ते."

माझ्या तोंडात एक छान टोमणा तयार होता. तो गिळून मी ओट्यावर बसलो. हैबती जरा सरकला. आम्ही दोघं बघत राहिलो. गवत आपलं पाण्यावाचूनही हळूहळू उभं राहतच होतं.